डाव्या हाताचं सिंथ-फंक

माझ्या भावानं 'सिंथ-फंक' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मला ते तुरीवर फवारायचं एखादं औषध वाटलं. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो हसला नाही. पुण्याची नोकरी सोडून बसवकल्याणला परत आल्यापासून त्याचं हसणं कमी झालं होतं आणि मान हलवणं वाढलं होतं. कानात इअरफोनची ती दोन बोंडं खुपसून तो दिवसभर मान हलवत बसायचा. आत कुणीतरी त्याला सारखं काहीतरी विचारतंय आणि हा सारखा हो म्हणतोय, असं ते दिसायचं.

येताना त्यानं कपडे एका पिशवीत कसेबसे कोंबले होते आणि यंत्र मात्र दुलईत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं होतं. सिंथेसायझर. खाली पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि वर गॅसच्या शेगडीला असतात तसल्या गोल बटणांच्या दोन रांगा. एक बटण फिरवलं की आवाज नाकातून येतो, दुसरं फिरवलं की तोच आवाज विहिरीतून येतो. माणसाला इतक्या ठिकाणांहून आवाज काढायची गरज काय, असं मी विचारलं. त्यावर त्यानं मला अर्धा तास समजावलं. हा माझाच मूर्खपणा, मी विचारायला नको होतं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सिंथ म्हणजे यंत्रानं तयार केलेला सूर. फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचायचं संगीत. त्यात पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपण जिला सम म्हणतो तिच्यावर, सगळं वजन टाकायचं आणि पुढं मध्येमध्ये गप्प बसायचं. ही दोन्ही एकत्र आली की सिंथ-फंक. त्यात खालचा जाड सूर, ज्याला ही मंडळी बेस म्हणतात, तोच मुख्य. गाणारा नसला तरी चालतं, बेस हलला की सगळं कोसळतं. "दबलेल्या लोकांचं म्युझिक हाय हे अक्का," तो म्हणाला, "म्हंजे आपलंच." दबलेल्या लोकांचं म्युझिक वाजवायला ह्याला वरच्या खोलीत कूलर लागायचा. नाहीतर यंत्र तापतं म्हणे.

मी दोनचार गाणी ऐकून बघितली. चार सूर घ्यायचे आणि पाच मिनिटं तेच घोळवायचे. मी मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. एकच ओळ पानभर लिहून आणणाऱ्या मुलांना मी काय म्हणते ते वर्गातल्या पोरांना ठाऊक आहे. तेच मी भावाला म्हटलं आणि खाली येऊन भाकरी टाकल्या.

माझ्या ह्या तिटकाऱ्याला संगीताचं कारण कमी आणि घरचं जास्त आहे, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. आमचे अप्पा गायन पार्टीचे गायक. दिवसा पंचायतीत नोकरी आणि जयंतीच्या दिवसांत भालकी, औराद, उमरगा, जिथून बोलावणं येईल तिथं गाणं. स्वतः गाणी रचायचे. त्यांचं गाण्याचं शास्त्र एका वाक्यात मावायचं, शब्द कळले पाहिजेत. आमच्याकडच्या पार्ट्यांची रीत अशी की गाणं रंगलं की लय चढवत न्यायची, शेवटच्या कडव्याला ढोलकी अशी पळते की शब्दांचा भुगा होतो, आणि त्यावरच लोक खूश होतात. अप्पांना ह्या चढवण्याची घृणा होती. ढोलकीवाला जरा पळायला लागला की ते गाणं थांबवायचे आणि चारशे लोकांसमोर त्याच्याकडं बघत बसायचे.

गाताना त्यांचा डावा हात त्यांना मोकळा लागायचा. बोट उगारून, तळवा उघडून, मूठ वळून ते एकेक शब्द लोकांना समजावायचे. पण हातपेटीचं गणित असं की उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. डावा हवेत गेला तर भाता कोण मारणार? भाता मारायची मी. वयाच्या आठव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून मी अप्पांकडं तोंड आणि लोकांकडं पाठ करून बसायची. दहा वर्षं गावोगावच्या स्टेजवर बसले, पण लोक कसे दिसतात ते मी कधी बघितलं नाही. अप्पांचा चेहरा बघितला. ते श्वास घेतात तिथं भाता भरायचा, ते शब्दावर येतात तिथं हात हलका ठेवायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.

मी डावखुरी. भाता मारायला माझा डावा हात चालायचा. पट्टीला लावलेला चालायचा नाही.

नऊ-दहा वर्षांची असताना मी एकदा घरी कुणी नाही बघून पेटी उलटी फिरवून बसले. उजव्यानं भाता, डाव्यानं सूर. अप्पांच्या गाण्याची पहिली ओळ अख्खी काढली. ते दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. मारलं नाही त्यांनी. माझं मनगट धरून हात पट्टीवरून उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. "डाव्या हातानं पेटी वाजत न्हाई," म्हणाले. "लोकं हसतील." पुढं भाऊ पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याला समोर बसवून, त्याचं एकेक बोट धरून त्यांनी पेटी शिकवली. भाता अर्थात मीच मारायची.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा गेला. उपास गेले, मुहूर्त गेला, आडवं गेलेलं मांजर गेलं, अमावास्या गेली. अप्पा तर ह्या सगळ्यावर गाणी रचून लोकांना शहाणं करायचे. एवढं सगळं घराबाहेर टाकलं आणि डावा हात तेवढा आत राहिला. लिहायचं उजव्यानं, जेवायचं उजव्यानं, कुणाला काही द्यायचं तर उजव्यानं. मी वळणदार लिहिते, शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक होतं, पण तो हात माझा वाटत नाही.

आता मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. लग्न केलं नाही, ते का केलं नाही हे विचारायचा लोकांना कंटाळा येऊन गेला. पण एक इच्छा काही जात नव्हती. अप्पांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की हिच्या हातात सूर आहे. ह्या वयात बापाच्या शाबासकीसाठी ताटकळणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मला लाज वाटायची आणि तरी इच्छा जायची नाही. ज्याला सगळं आयतं मिळालं तो कूलरसमोर बसून मान हलवत होता. तो काळी एक सोडून कुठल्याच पट्टीत वाजवू शकत नाही. बाकीच्या पट्ट्यांसाठी यंत्रावर बटण आहे, ते दाबलं की यंत्रच सूर वरखाली करतं.

त्या वर्षी अप्पांच्या घशाचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. जीव वाचला, गाणं गेलं. बोलले तर खरवडल्यासारखा आवाज यायचा, म्हणून ते कमीच बोलायचे. पण तेवढ्यातही सगळ्यांची मापं काढायचे. जयंतीला त्यांच्या गावी, खटकचिंचोळीच्या अलीकडं, ते दरवर्षी गायचे. मागच्या वर्षी त्यांची जागा रिकामीच गेली, आता कोण गाणार हा प्रश्न होता. कमिटीनं डीजे ठरवला होता. तेव्हा माझ्या भावाच्या डोक्यात आलं की अप्पांच्या जुन्या कॅसेटमधला आवाज काढून लॅपटॉपमध्ये घालायचा आणि त्याभोवती सिंथ-फंक वाजवायचं. अप्पा स्वतः समोर बसतील, त्यांचा तिशीतला आवाज स्टेजवरून येईल.

अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मेलो न्हाई अजून." घसा खाकरून पुढं म्हणाले, "वाजव. मी म्होरं बसतो. येक शब्द जरी बुडाला तर उठून घरी यीन. समद्या गावाच्या देखत." ते तसं करतील ह्याबद्दल आम्हाला कुणालाच शंका नव्हती.

पॅड वाजवायला भावानं आमच्या गल्लीतल्याच एका जीपवाल्याला धरलं. हा दिवसभर सोलापूर-पुण्याच्या भाविकांना गाणगापूरला नेतो आणि आणतो, घरी दखनी बोलतो, दत्ताच्या आरत्या आमच्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त पाठ आहेत, आणि लग्नसराईत बँजो पार्टीत पॅड वाजवतो. दोन काठ्या घेऊन रबरी चौकोनांवर बडवायचं, ढोल पाहिजे तर ढोल, ताशा पाहिजे तर ताशा. माणूस चांगला आहे. पण गाडी चालवतो तसंच पॅड वाजवतो. मोकळा रस्ता दिसला की पाय दाबायचा.

वरच्या खोलीत रोज संध्याकाळी सराव चालायचा, अप्पा तेवढा वेळ, ऐकीन तर जयंतीलाच म्हणून, विहारात जाऊन बसायचे, आणि खाली वह्या तपासत मी तो ऐकायची. ऐकायची म्हणजे ऐकावाच लागायचा. अप्पांचा आवाज लॅपटॉपमधून एका गतीनं यायचा, बेसही लॅपटॉपमधूनच, आणि पॅडवाला पहिलं कडवं संपेपर्यंत दोघांना मागं टाकून पुढं निघून गेलेला असायचा. मग भाऊ ओरडायचा.

"अप्पाचा आवाज हितंच ऱ्हायलाय न् तू उमरग्याला पोचायलास."

"हात गरम झाला की वाढतंयच ना अण्णा. मैं क्या करूं."

भावानं त्याच्या कानात टकटक लावून दिली, म्हणजे ती ऐकून त्यानं गती धरावी. पॅडवाल्यानं ती दोन मिनिटांत काढून ठेवली. गाडीचा इंडिकेटर चालू राहिल्यासारखं वाटायलंय म्हणाला. आठ दिवस हे असंच. सिंथ-फंक म्हणजे मध्येमध्ये गप्प बसायचं संगीत, आणि आमच्याकडं गप्प बसणाऱ्याला लोक विचारतात, कामून, वाजवता येत न्हाई का. रिकामी जागा दिसली की आमचा माणूस तिथं काहीतरी ठोकणारच. अशा लोकांत बसून माझा भाऊ परदेशी थांबणं शिकवायला निघाला होता.

एके दिवशी तो कॅसेटमधल्या पहिल्या दोनच ओळी पुन्हापुन्हा वाजवत होता. बेस बंद, पॅड बंद. मी खाली सातवीचे निबंध तपासत होते. अप्पांच्या आवाजामागं काहीतरी येत होतं. फस्स्, मग थोडं थांबून पुन्हा फस्स्. मी लाल पेन घेऊन तशीच जिना चढले.

"ते मागचं काय वाजायलंय?"

"भाता असल," भाऊ म्हणाला. "जुनी रेकॉर्डिंग हाय, कचरा येतोच. फिल्टर लावला की जातंय. काढू?"

"नको," मी म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की पॅडवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या.

ती मी होते. बारा-तेरा वर्षांची असेन. अप्पा श्वास घेतायत आणि मी भाता भरतेय. त्या कॅसेटच्या वेष्टनावर अप्पांचं नाव आहे, ढोलकीवाल्याचं आहे, कोरसमधल्या दोघांचं आहे. माझं नाही. भाता मारणाऱ्याचं नाव कोण लिहितं?

भावानं मग बेस चालू केला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुझं हे बुंगबुंग चुकीच्या जाग्यावर हाय. अप्पा दम घेतेत तिथं तू कामून वाजवायलास? तिथं भाता हाय. तिथं गप बस. दम घेऊन झाला की सम येती, तिथं ये."

"मग तूच वाजव की," तो म्हणाला. त्याला वाटलं मी चिडून खाली जाईन.

मी स्टूल ओढून बसले. उजवा हात ठेवला पट्टीवर. सवयीनंच. चार सूर सापडायला एवढी झटापट की पॅडवाला सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागला. मग मी पेन उजव्या हातात घेतलं आणि डावा हात ठेवला. आवाज निघाला तो जाड, रवंथ करणाऱ्या म्हशीच्या पोटातून यावा तसा, आणि स्टुलाच्या पायातून माझ्या पायात आला. कॅसेटमधली मी भाता भरत होते आणि खोलीतली मी त्याच्या पुढच्या समेवर येत होते. दोघींचं एकमेकींत काही अडत नव्हतं.

पॅडवाला वाजवायला लागला. दुसऱ्या कडव्याला तो पळणार हे मला त्याच्या खांद्यावरून दिसलं. मी त्याच्याकडं बघितलं, अप्पा ढोलकीवाल्याकडं बघायचे तसं. तो थांबला. गाणं संपल्यावर कपाळ पुसून म्हणाला, "मशीन मेरेकू देखता नहीं ना. तुम्ही बघायलाव तर भ्या वाटतंय अक्का."

तर असा माझा सिंथ-फंकमध्ये प्रवेश झाला. मला ते आवडलं. हे मी भावाला सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. संगीत म्हणून ते बिनडोकच आहे, ह्या मतावर मी कायम आहे. पण संध्याकाळी वह्या बाजूला सारून मी वर जायला लागले, आणि भावाच्या मान हलवण्यावर बोलणं मी सोडलं नाही.

आणखी एक गोष्ट मी केली, आणि तिचा दोष माझ्याकडंच येतो. भाऊ अप्पांना सांगायला निघाला होता की बेस अक्का वाजवणार आहे. मी त्याला अडवलं. म्हटलं, त्यांना कानानं कळू दे. ढोलकीची शाई जरा झिजली तरी ज्यांना दहा हातांवरून कळायचं, त्यांना माझा हात कळणार नाही? दहा वर्षं तो हात त्यांच्या तोंडासमोर होता. सांगून मिळालेली शाबासकी मला नको होती. त्यांनी आपणहून विचारायला पाहिजे होतं, हा डावा कुणाचा. ह्या एका प्रश्नासाठी मी जयंतीची वाट बघत होते.

जयंतीच्या संध्याकाळी गावात पांढरे कपडे, निळे झेंडे आणि वेशीपासून विहारापर्यंत माणसं. सगळ्यांत पुढं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अप्पा, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. काठी जमिनीवर टेकवून बसले होते, उठायला सोपं जावं अशी. मी स्टेजमागं पोचले तेव्हा कमिटीच्या एका माणसानं मला विचारलं, "बाई, कलाकारांचं पाणी आणलाव का?" मी म्हटलं, आणलंय, आणि स्टेजवर चढले.

स्टेज लहान. डीजेचे माणसाएवढे दोन स्पीकर आधीच येऊन बसलेले. लॅपटॉपला जोडलेला छोटा कीबोर्ड घेऊन भाऊ आणि पॅडवाला पुढं मावले आणि सिंथ, म्हणजे आता माझं यंत्र, एका स्पीकरच्या मागं लागलं. मला फक्त पॅडवाला दिसत होता. म्हणजे ह्या वेळी लोकांकडं पाठ नव्हती, मध्ये स्पीकर होता, एवढीच काय ती प्रगती.

अप्पांचा आवाज सुरू झाला आणि गाव गप्प झालं. दीड वर्षांनी तो आवाज येत होता, तोही तिशीतला. मी पहिला भाता भरू दिला आणि समेवर आले. लोकांना काही सुचेना, नाचावं की ऐकावं. पोरांनी नाचायला घेतलं तर मध्येच रिकामी जागा यायची आणि उचललेला पाय कुठं ठेवायचा ते कळायचं नाही. दुसऱ्या कडव्याला मागून हाका सुरू झाल्या, "चढव, चढव". पॅडवाल्याच्या हातात ऊब आली, खांदे उचलले. मी बघितलं त्याच्याकडं. त्यानं ओठ चावला आणि राहिला जागेवर. शेवटच्या कडव्यात, जिथं दरवर्षी सगळ्या पार्ट्या उधळतात, तिथं अप्पांचा एकेक शब्द सुटा, स्वच्छ, गावाच्या टोकापर्यंत गेला असणार. मी तो पोचवत होते. माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढं बरं वाटलेलं नाही.

संपल्यावर मी स्पीकरआडून पॅडवाल्याला विचारलं, "अप्पा उठले का?"

"न्हाई अक्का. बसूनच हैत. काठी खाली पडल्याय त्यांची."

येताना जीपमध्ये अप्पा पुढं बसून डोळे मिटून होते. बोलायला त्रास होतो म्हणून मी विचारलं नाही.

सकाळी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि भावाला समोर बोलावलं. मी आत चहा गाळत होते आणि गाळणीतून चहा किती हळू पडतो हे बघत होते. त्यांचा खरवडलेला आवाज आला. भावाचं वाजवणं म्हणजे कचकड्याचं. मध्येच ते किंचाळल्यासारखं काय केलास, ते नको. पॅडवाला बरा, पण घाईचा. मी तीन कप ट्रेमध्ये ठेवून बाहेर आले.

"खालचा सूर तेवढा खरा व्हता," अप्पा म्हणाले. "माजा येक शब्द बुडू दिला न्हाई त्यानं. मी जलमभर असला साथीदार हुडकलो, घावला न्हाई." दम घ्यायला ते थांबले. मी ट्रे धरून उभी. "ते मशीनवर लावला व्हतास न्हवं? मशीनच असल. माणसाचा हात इतका थांबत न्हाई."

भावानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

"व्हय अप्पा," मी म्हटलं, "मशीनच हाय ते."

कशाला म्हटलं असं? राग आला होता. ज्या हातावर त्यांचा श्वास दहा वर्षं चालला तो त्यांना ऐकून ओळखता आला नाही, आणि आता मी तो पुढं करून, अहो हा माझा, म्हणायचं? त्यापेक्षा मी मशीनच राहिलेली बरी, असं म्हणणं मला त्या क्षणी फार मानी वाटलं. ट्रे मी खाली स्टुलावर ठेवला, एक कप उचलला आणि त्यांच्यापुढं धरला.

अप्पांनी कपाकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

"उजव्या हातानं दे," ते म्हणाले.

मी कप उजव्या हातात घेतला. विचार करायच्या आधीच घेतला, आणि दिला. घेता-देता थोडा चहा त्यांच्या शर्टावर सांडला. उजव्या हाताला माझ्या अजून नीट जमत नाही. मी फडकं आणायला वळले तेव्हा भाऊ माझ्याकडं बघत होता. कानातली बोंडं काढून, मान न हलवता. तो पुण्याहून आल्यापासून मी ज्या नजरेनं, सारखं हो म्हणणाऱ्याकडं बघावं तसं, त्याच्याकडं बघत आले होते, त्याच नजरेनं तो माझ्याकडं बघत होता.